आधी पेन, मग मिरची

माझा जन्म जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातला. आमच्या घरात मीठ संपलेलं मला आठवतं, साखर तर दर आठवड्याला संपायची, पण सुका जवळा संपलाय असं मी कधी ऐकलं नाही. जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी, उन्हात वाळवून वर्षभर पुरवायची. तो आमटीत पडायचा, वांग्यात पडायचा, आणि काहीच नसलं तर कांद्याबरोबर परतून भाकरीवर पडायचा. अशा घरात देवानं मला पाठवलं ती कोळंबी न चालणारी मुलगी म्हणून. पोटात जराशी गेली तरी माझे ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात आणि घसा आतून कुणीतरी आवळत आणल्यासारखा होतो.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. काकाच्या हळदीला पंगतीत बसून मी कोळंबीचं कालवण भुरकलं आणि थोड्याच वेळात माझं तोंड भोपळ्याएवढं झालं. आईनं मला उचलून आतल्या खोलीत नेलं, मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे नजर जबरदस्त होती असं ठरलं. संध्याकाळपर्यंत सूज उतरली आणि आईच्या लेखी विषय मिटला. त्यानंतर जितक्या वेळा मला त्रास झाला तितक्या वेळा चुलीत मिरच्या पडल्या, आणि दर वेळी सूज आपसूक उतरत गेल्यानं मिरच्यांचं नाव होत गेलं.

"कोल्याचे पोरीला कोलबी बाधत न्हाय," आई सांगायची. "तू जरा रूपानं बरी हाय ना, म्हनून नजर लागतं."

मी आईला सुंदर वाटायचे, म्हणून मला औषध मिळालं नाही, असा हा सगळा प्रकार. मोठी झाल्यावर मी माझं मीच ताडलं. पापलेट, बोंबील, रावस सगळं पचत होतं, फक्त कोळंबी, जवळा आणि चिंबोरी यांच्याशी माझं वैर होतं. मी त्यांना हात लावणं बंद केलं, तर सगळी भावकी मला नखरेल म्हणू लागली. "थोडी खा गं, काय होत न्हाय," हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा कुणी माझं नावही घेतलं नसेल.

पुढे मी बँकेत लागले आणि तिथल्याच एका दादरच्या, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घरातल्या मुलाशी लग्न केलं. आई हळहळली. पोरगी भाजीवाल्यांत दिली, असं ती बाजारात मासळी विकताना शेजारच्या पाटीवालीला सांगायची. लोकांनी मला विचारलं, त्याच्यात काय पाहिलंस? मी प्रेम वगैरे सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण जिच्यात जन्मात कधी कोळंबी पडलेली नाही अशी कढई मी त्यांच्याकडे पहिल्यांदा पाहिली होती आणि त्या कढईनं माझं मन जिंकलं होतं, हे मी नवऱ्याला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. तो अजून अधूनमधून विचारतो, मी की कढई? मी उत्तर देत नाही.

आता आम्ही मीरा रोडला शांती नगरात राहतो. आई खाडीपलीकडे वगैरे नाही, रिक्षानं गेलं तर तिच्याकडची चहाची वेळ गाठता येते. लेक मात्र लांब गेली. ऑफिसनं तिला बँकॉकला पाठवलं आणि तिथे घर लागल्यावर तिनं फोनवर जाहीर केलं, "आई, तू आणि आजी या. आजीला विमानात बसायचंय." तिचे बाबा म्हणाले, घर कोण सांभाळणार? आमच्या घरात सांभाळण्यासारखं काही नाही. नवऱ्याला विमानाची भीती वाटते, आणि ती त्यानं आयुष्यभर अशीच घराच्या मागे लपवली आहे.

बँकॉक म्हटल्यावर मी इंटरनेटवर तिथलं खाणं बघायला बसले आणि थोड्या वेळानं लॅपटॉप मिटला. वाळलेली कोळंबी, कोळंबीची चटणी, कोळंबीचं वाटण, आणि जिथे कोळंबी दिसत नाही तिथे ती रश्शात विरघळलेली. म्हणजे तो सगळा देश एक मोठा कोळीवाडाच होता. फरक एवढाच की इथे मी कुणाला भांडून सांगू शकत होते, तिथे मला भाषाही येत नव्हती.

लेकीनं अटी घातल्या. डॉक्टरांना दाखवायचं, औषध बरोबर घ्यायचं, आणि प्रवासाचा विमा काढायचा तो ॲलर्जी लपवून नाही. "नाहीतर येऊ नकोस," ती म्हणाली. ती माझ्यावर गेली आहे, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

विम्याचं काम करणारे एक अंकल आमच्याच इमारतीत तळमजल्याला राहतात. सदैव पांढरा झब्बा, तोंडात बडीशेप, आणि सगळ्या अडचणींवर एकच इलाज.

"बेन, लिखवाने की जरूरत शुं छे? अलर्जी तो मेरे को भी है. धूल की."

"अंकल, धूल से आपको छींक आती है. मेरा गला बंद होता है."

"लेकिन कंपनी फालतू सवाल पूछेगी ना."

"पूछने दो. जवाब देने के लिए मैं बैठी हूं."

अंकल उसासे टाकत परत गेले. त्यांनी आणलेल्या पहिल्या पॉलिसीत आधीपासूनच्या कुठल्याही दुखण्याला आमचा संबंध नाही असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. ती मी परत केली. असलं बारीक अक्षर वाचणारी बाई मीरा रोडमध्ये दुसरी नाही, असं नवऱ्याचं म्हणणं आहे, आणि ते त्यानं कौतुकानं म्हटलेलं नाही. शेवटी एक कंपनी सापडली. त्यांनी खरंच सवाल विचारले, डॉक्टरांचं पत्र मागितलं, आणि अचानक जिवावर बेतलं तर उपचारांचा खर्च देऊ असं लेखी दिलं.

आईला हे सगळं समजावताना माझी दमछाक झाली. "आपन मेलो तर पैसं देतील?" तिनं विचारलं.

"नाही आई. मरू नये म्हणून देतील."

"मंग बरां हाय," ती म्हणाली. पण तिचा चेहरा पटलेल्या माणसाचा नव्हता.

डॉक्टरीणबाई जेसल पार्कला बसतात. वयानं माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या, बोलणं हळू आणि नेमकं. त्यांनी तपासण्या करून घेतल्या आणि म्हणाल्या, आतापर्यंत निभावलं ते नशीब समजा. मग त्यांनी मागवून ठेवलेली दोन पेनं पुढे केली. लिहायची नव्हेत, इंजेक्शनची. त्रास सुरू झाला की टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच दाबायचं आणि दहा मोजेपर्यंत दाबून धरायचं. मग आडवं व्हायचं, रुग्णवाहिका बोलवायची, आणि आराम पडला तरी दवाखान्यात जायचंच. दुसरं पेन हाताशी ठेवायचं. दोन्ही पेनं कायम जवळच्या पर्समध्ये, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत कधीच नाहीत.

"आणि हे तुमच्यासोबत असणाऱ्या माणसाला यायला हवं," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातात तेव्हा बळ असेलच असं नाही."

सोबत असणारं माणूस म्हणजे आई. लेक दिवसभर ऑफिसात. तेव्हा परक्या देशात माझा जीव ज्या एका बाईच्या हातात असणार होता, तिच्या मते मला मुळात काही झालेलंच नव्हतं. हे मला त्या खोलीत बसल्या बसल्या उमगलं.

डॉक्टरांनी सुई नसलेलं सरावाचं पेन माझ्या शेजारी बसलेल्या आईच्या हातात दिलं. जन्मभर सुरमईचे तुकडे पाडलेली बाई ती, तिनं ते माझ्या मांडीवर असं हाणलं की मी किंचाळले.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "आता सांगा आजी, तिकडे हिला त्रास झाला तर काय करणार?"

"मिरच्या हायेत माजे पिशवीत," आई म्हणाली. "ओवालीन."

जमिनीनं दुभंगून मला आत घ्यावं असं वाटलं. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"जरूर ओवाळा," त्या म्हणाल्या. "पण आधी पेन, मग मिरची."

आईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मिरचीलाही जागा असलेलं उत्तर शिकलेल्या माणसानं तिला पहिल्यांदाच दिलं होतं. रिक्षात बसल्यावर ती पुटपुटत राहिली, आधी पेन, मग मिरची. मला वाटलं, जिंकलो. रिक्षातून उतरता उतरता ती म्हणाली, "डॉक्टरीन चांगली हाय. पन तिला काय म्हायीत, तू कोल्याची हाय."

मग सामान बांधायचा खेळ सुरू झाला. नातीच्या घरी रिकाम्या हातानं जाणं हे आमच्यात बसत नाही, आणि हात भरायचा तो मिठाईनं नाही, सुक्या मासळीनं. आईच्या पिशवीतून मी पहिल्या दिवशी जवळ्याची पुडी काढली. दुसऱ्या दिवशी साडीच्या घडीतून काढली. मग औषधांच्या डब्यातून एक निघाली. प्रत्येक वेळी मी सांगायचे, आई, परदेशात असलं न्यायला मनाई असते आणि माझ्या सामानात ते नकोच. प्रत्येक वेळी ती म्हणायची, बरां. शेवटी मी तिला देवाची शपथ घालायला लावली. "एकवीरा आयची आन," ती म्हणाली, "माजे पिशवीत आता जवला न्हाय." मी निश्चिंत झाले. बँकेत इतकी वर्षं काढलेल्या बाईनं वाक्य नीट ऐकायला हवं होतं.

विमानात सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. मी कंपनीला आधीच कळवलं होतं, आत शिरल्यावर हवाईसुंदरीला पुन्हा सांगितलं आणि जेवायला माझी पोळी-भाजी काढली. आईला खिडकी मिळाली होती. विमान वर चढल्यावर खाली पाणी चमकलं, ती आपलीच खाडी असा तिनं हट्ट धरला आणि कोळीवाडा नेमका कुठे ते मला बोटानं दाखवलं. पलीकडच्या प्रवाशाला तिनं माझी माहितीही दिली. "माजी पोरगी. तिला नजर लागतं." तो बिचारा थाई होता, त्यानं हात जोडले.

लेकीनं माझ्यासाठी तिथल्या भाषेत एक कार्ड छापून ठेवलं होतं. एका बाजूला मला काय चालत नाही त्याची चित्रं आणि मजकूर, त्याच कढईतलं, त्याच तेलातलंही नको हे ठळक. दुसऱ्या बाजूला, मला श्वास घेता येत नसेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. पहिल्याच हॉटेलात मी ते कार्ड वेटरला दिलं. त्यानं ते वाचलं, आत जाऊन स्वयंपाक्याला घेऊन आला. स्वयंपाक्यानं वाचलं, कमरेत वाकून माफी मागितली आणि आमच्याकडे तुम्हांला काहीच देता येणार नाही असं सांगितलं.

"हाकलतंय का आपल्याला?" आई उसळली.

मला मात्र त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला थोडी खा म्हटलं नव्हतं. पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या एका बाईनं कार्ड वाचून कोरी कढई काढली, अंडं आणि भात परतून दिला, आणि मी खात असताना ती माझ्याकडे बघत शेजारी उभी राहिली. मी अंगठा वर केला तेव्हाच ती आत गेली.

आईनं मासळीबाजार गाठला. तिथे तिला भाषेची अडचण आलीच नाही. तिनं कोळंबीची डोकी दाबून पाहिली, नाक मुरडलं, आपल्या बोलीत भाव पाडला आणि समोरच्या बाईनं तिच्या बोलीत तो चढवला. दोघी खूश होत्या. शेवटी नात आणि आजी भाजलेल्या कोळंबीचं ताट घेऊन बसल्या आणि मी चार टेबलं सोडून नारळपाणी प्यायले. इतकी मजा मला वर्षानुवर्षं आली नव्हती. रोज फिरत होतो, रोज कार्ड दाखवत होतो, आणि पेनं पर्समध्ये निमूट पडून होती. मला वाटायला लागलं, आपण उगाच बाऊ केला.

मग एका सकाळी आईनं भाकऱ्या करायच्या ठरवल्या. तांदळाचं पीठ ती घरून घेऊन आली होती, मोठा स्टीलचा डबा भरून, आणि पिशवी जड होते म्हणून तो माझ्याच बॅगेत आला होता. लेक ऑफिसला निघून गेली होती. खाली रस्त्यावर एक गाडीवाला पहाटेपासून मासळी भाजत असे, त्यामुळे त्या घराला दिवसभर समुद्राचा वास असायचा आणि माझं नाक त्याला सरावलं होतं. आईनं गरम भाकरी आणि वांग्याची भाजी बाल्कनीत आणून दिली आणि ती पुढची थापायला आत गेली. घरची भाकरी, तीही आईच्या हातची. मी आनंदानं मोडली.

जीभ चुरचुरली तेव्हा वाटलं लसूण असेल. मग तळहात खाजायला लागले. मग ओठ. मी उठले तर पाय माझे नव्हते. "आई," मी हाक मारली आणि जो आवाज निघाला तो ऐकून मीच घाबरले.

आई आली. हाताला कोपरापर्यंत पीठ. तिनं माझं तोंड पाहिलं, आणि तिचे डोळे ओट्यावरच्या मिरच्यांच्या पुडीकडे गेले. मी ते पाहिलं. त्या क्षणी मला घशापेक्षा आईची जास्त भीती वाटली. आता ही मिरच्या ओवाळणार आणि मी हिच्यासमोर, हिच्या मायेत मरणार, असं अगदी स्पष्ट मनात आलं.

"आधी पेन," आई मोठ्यानं म्हणाली.

तिनं पर्स जमिनीवर उलटी केली. पेन उचललं, टोपण काढलं, आणि जेसल पार्कला हाणलं होतं तसंच माझ्या मांडीवर हाणलं. बाजारात मासळी मोजताना लावायची त्या आवाजात तिनं दहापर्यंत मोजलं. मग मला आडवं केलं, पायांखाली उशा सरकवल्या, आणि कार्ड हातात घेऊन दार उघडं टाकून पळाली. गुडघे दुखतात म्हणून बाजारात बसणं सोडलेली बाई ती. खाली पहारेकरी होता, त्याच्या नाकासमोर तिनं कार्ड धरलं, वरची बाजू, मग खालची बाजू. त्यानं वाचलं आणि फोन लावला. ती परत आली तेव्हा दुसरं पेन तिच्या मुठीत होतं आणि ती माझ्या डोक्याशी बसून म्हणत होती, "हाय मी, बाय, हाय मी." घसा हळूहळू सुटत गेला. दुसरं पेन लागलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की त्रास उलटू शकतो, म्हणून थांबावं लागेल. लेक धावत आली, तिनं विम्याच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या माणसाचा पहिला प्रश्न होता, ही ॲलर्जी पॉलिसी घेताना कळवली होती का? लेक म्हणाली, हो. तिनं माझ्याकडे बघून तो हो म्हटला आणि मी सूज आलेल्या ओठांनी हसले. पुढचं सगळं त्यांनी आणि दवाखान्यानं आपसात पाहिलं. आम्हांला फक्त सह्या कराव्या लागल्या.

पण भाकरीत आलं कुठून? डॉक्टर विचारत होते, लेक विचारत होती. तांदळाचं पीठ आणि मीठ, दुसरं काही नाही. आई कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, हाताचं पीठ वाळून त्याची पुटं निघत होती.

"डब्यात हुती पुडी," ती म्हणाली.

जवळ्याची पुडी तिनं पिठाच्या मधोमध पुरली होती. शपथ खोटी नव्हती. पिशवीत नव्हताच, डब्यात होता. प्रवासात पुडी फुटली. इथे आल्यावर तिनं ते पाहिलं, कुठून निघाला हे न सांगता जवळा गुपचूप नातीला दिला, आणि पीठ दोनदा चाळून घेतलं.

माझा जो काय आवाज शिल्लक होता त्यात मी ओरडले. किती वेळा सांगितलं, किती वर्षं सांगतेय, मेले असते तर काय केलं असतंस, मिरच्या? नर्स धावत आली. लेकीनं माझा हात दाबला. साऱ्या बँकॉकनं मला जपलं होतं, आणि मला आडवं केलं ते भाईंदरच्या जवळ्यानं, तेही माझ्याच बॅगेतून माझ्याच हातांनी वाहून आणलेल्या. मला रडू यायला लागलं, आणि ते रागाचंच होतं.

 माझं रडू ओसरल्यावर आई खुर्ची ओढून माझ्याजवळ आली.

"नजर न्हवती ती," ती म्हणाली. "घरान तू नं मी. तुला बघाया आलता कोन? आनि माजी म्हनशील, तर मी भाकऱ्या थापत हुती. मी तुज्याकडं बघतलां पन न्हाय."

 सगळा हिशोब तिनं मनात केला होता, एकेक माणूस वगळून पाहिलं होतं, आणि शेवटी कुणीच उरलं नव्हतं.

"मंग जवलाच," ती म्हणाली. "इतकी वर्सां जवलाच हुता. आनि मी मिरच्या जालीत बसली." तिनं पिठाच्या हातानं तोंड झाकलं. "कवा मेली असतीस माजे हातान, बाय."

मग मला राग धरता आला नाही. मी तिला पलंगावर बसवून घेतलं. माझी आई मी रडताना पुष्कळदा पाहिली आहे, पण माझ्यासाठी घाबरून रडताना तेव्हाच पाहिली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

राहिलेले दिवस आईनं आम्हांला जगू दिलं नाही. पीठ तर गेलंच, डबाही गेला. माझं कार्ड तिनं स्वतःच्या कनवटीला लावलं. हॉटेलात शिरताच ती ते वेटरच्या तोंडासमोर धरायची आणि त्याचं वाचून होईपर्यंत खाली घ्यायची नाही. एका जागी वेटर वाचल्यावर फार पटकन मान डोलावून गेला, तर ती त्याच्या मागोमाग थेट मुदपाकखान्यात शिरली. तिला बाहेर आणायला तीन माणसं लागली, पण कढई धुतली गेली. आणि जिथे पावलोपावली कोळंबी भाजत होती त्या गावात तिनं एकही तोंडात घातली नाही. लेकीनं ताट पुढे केलं तर म्हणायची, "मना नको. आपलेसारकी चव न्हाय तिला." नातीला ते पटलं. मला नाही पटलं, कारण ती तिकडे बघून आवंढा गिळायची.

परत आल्यावर अंकल दारात हजर. "देखा बेन, मैंने बोला था ना, सब लिखवा के रखो." मी त्यांना चहा दिला. नवऱ्यानं घर छान सांभाळलं होतं, म्हणजे ते होतं तिथेच होतं.

मग थोड्या महिन्यांनी कोळीवाड्यात एका भाचीची हळद निघाली. मांडवात पंगत बसली, वाढप सुरू झालं आणि मावशी कोळंबीचं पातेलं घेऊन माझ्यापुढे आली. डाव भरलेला, चेहरा हसरा.

"थोडी खा गं," ती म्हणाली, "काय होत न्हाय."

मी तोंड उघडायच्या आत माझ्या ताटावर एक हात आडवा आला. आई शेजारच्या पानावरून उठली होती.

"माजे पोरीला कोलबी न्हाय चालत," ती सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मरंल ती. डाव उचल."

 मावशीनं डाव उचलला. हे वाक्य मी आयुष्यभर स्वतः म्हणत आले होते. तिच्या तोंडून ते आलं आणि मी पुढचा घास घेऊ शकले नाही, डोळ्यांसमोरचं ताट दिसतच नव्हतं.

जेवणं उरकल्यावर आईनं मला आतल्या खोलीत नेलं. मी त्या दिवशी नवी साडी नेसले होते आणि तिच्या मते बरी दिसत होते. तिच्या मुठीत मीठ-मोहरी आणि मिरच्या होत्या. पण ती लगेच ओवाळायला लागली नाही. तिनं आधी माझी पर्स उघडली, आत हात घालून दोन्ही पेनं चाचपली, एकेकाचं टोपण घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि पर्स माझ्या खांद्याला अडकवली.

मग तिनं मिरच्या ओवाळल्या, आणि मी ओवाळू दिल्या.